चान्स किती? संभाव्यतेच्या गणितांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत दहावीची पोरं बसतात, पोलीस भरतीवाले बसतात, आणि संध्याकाळी वावरातून परतताना त्यांचे वडीलही दोन मिनिटं टेकतात. संभाव्यतेवर प्रश्न मात्र सगळ्यांचेच असतात. खालचे प्रश्न त्यांच्याच तोंडचे आहेत. ज्याला फक्त बोर्डापुरतं हवं त्यानं पहिले चार प्रश्न वाचून पुस्तक उघडलं तरी चालेल.

सर, सूत्र तर पाठ आहे. मग गणित काहून चुकते?

सूत्र पाठ असतं म्हणूनच चुकतं. अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती, एवढं सगळ्यांना येतं, आणि भागाकारात सहसा कोणी अडत नाही. अडतात ते खालची संख्या लिहिताना. म्हणून पेन टेकवण्याआधी स्वतःला विचारायचं: कशापैकी? आणि त्याच्या मागोमाग: ज्यांच्यापैकी मोजतोय, त्या सगळ्या गोष्टी सारख्याच सहज घडणाऱ्या आहेत का? पुस्तकात यालाच नमुना अवकाश आणि समसंभाव्य निष्पत्ती म्हटलंय.

दोन नाणी फेका. किती प्रकार? वर्गात निम्मी पोरं तीन म्हणतात: दोन्ही छापा, दोन्ही काटा, एक-एक. पण एक-एक दोन तऱ्हांनी येतं: पहिलं छापा दुसरं काटा, किंवा पहिलं काटा दुसरं छापा. खात्री हवी तर एक नाणं रुपयाचं घ्या, दुसरं पाचाचं. म्हणजे प्रकार चार, आणि एक-एक येण्याची संभाव्यता २/४. इथे चुकणाऱ्यानं फार मनाला लावून घेऊ नये. द'अलाम्बेर हा फ्रान्समधला नावाजलेला गणिती. त्यानंही १७५४ मध्ये विश्वकोशात लिहिलं की दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता २/३. त्याचा हिशेब असा: पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, नाहीतर काटा-छापा, नाहीतर काटा-काटा, तीनपैकी दोन. पण पहिल्याच फेकीत छापा ही एकटी गोष्ट निम्म्या वेळा घडते, बाकीच्या दोन मिळून निम्म्या. खरं उत्तर ३/४.

शंकरपटात आमची जोडी जिंकन नाहीतर हारन. दोनच गोष्टी. मंग फिफ्टी-फिफ्टीच ना?

नाही. गोष्टी दोन आहेत म्हणून त्या सारख्या होत नाहीत. पटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, चाळीस जोड्या उतरल्या आणि सगळ्या अगदी बरोबरीच्या धरल्या तरी तुमचा चान्स चाळिसात एक. आणि त्या बरोबरीच्या नसतातच. असत्या तर कोणी बैलांच्या खुराकावर एवढा खर्च केला नसता.

दोन फाशांत बेरीज सातच जास्त का येते?

सात ही बेरीज सहा तऱ्हांनी जमते (१-६, २-५, ३-४, आणि हेच उलटे), तर दोन आणि बारा एकेकाच तऱ्हेनं. एकूण ३६ पैकी सातला ६, म्हणून १/६. दोन फाशांचं कोणतंही गणित आलं की सहा बाय सहाचा तक्ता काढा. त्यात दोन मिनिटं जातात, पण मार्क जात नाहीत.

तीन फासे आले की प्रकरण जरा रंगतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या जुगाऱ्यांना एक शंका छळत होती आणि ती गॅलिलिओकडे गेली. नऊ ही बेरीज आकड्यांच्या सहा गटांनी होते, दहा पण सहाच गटांनी होते; मग अनुभवाला दहा किंचित जास्त वेळा का येते? गॅलिलिओनं गट सोडून तऱ्हा मोजल्या. १-२-६ हा गट सहा तऱ्हांनी पडतो, १-४-४ तीन तऱ्हांनी आणि ३-३-३ फक्त एका. सगळं मांडल्यावर २१६ पैकी नऊसाठी २५ आणि दहासाठी २७ निघाल्या. कागदावर दोन्ही बेरजांसाठी स्वतः करून पाहा. हा धडा यानंतर विसरत नाही. मला तर त्या जुगाऱ्यांचंच कौतुक वाटतं. २१६ मध्ये दोनचा फरक निव्वळ खेळून लक्षात यायचा म्हणजे किती खेळले असतील!

पत्त्यांचं गणित हमखास येते, पण आमच्या घरी पत्ते खेळू देत नाहीत.

एवढं लक्षात ठेवा. पत्ते ५२, रंग चार: इस्पिक आणि किलवर काळे, बदाम आणि चौकट लाल. प्रत्येक रंगात १३. राजा, राणी, गुलाम ही चित्रं, म्हणजे चित्रपत्ते एकूण १२. एक्का चित्रात धरत नाहीत. 'लाल किंवा राजा' विचारलं तर २६ अधिक ४ नाही, २६ अधिक २. लाल राजे आधीच मोजून झालेत. उत्तर २८/५२, म्हणजे ७/१३. आणि कुठल्याही गणितात उत्तर एकापेक्षा मोठं आलं तर पेपर देण्याआधी परत बघा.

'किमान एक' आलं की डोकं चालत नाही.

चालवूच नका, उलटीकडून या. किमान एक येण्याची संभाव्यता म्हणजे १ वजा 'एकही नाही' याची संभाव्यता. 'किमान एक' मोजायला खूप प्रकार असतात, 'एकही नाही' हा प्रकार एकटाच असतो.

सरकी टोबताना, म्हणजे कापसाचं बी हातानं लावताना, आपण हेच करत असतो. समजा बियाण्याची उगवण ७५ टक्के आहे. एका जागी एकच बी टाकलं तर शंभरातल्या साधारण २५ जागा रिकाम्या राहतील. दोन बिया टाकल्या तर जागा रिकामी राहायला दोन्ही फसल्या पाहिजेत: १/४ गुणिले १/४, म्हणजे १/१६. शंभरात सहा जागा. तीन टाकल्या तर १/६४, शंभरात दीड-दोन. पण एका बीवरून दोनवर गेल्यानं १९ जागा वाचल्या आणि दोनवरून तीनवर गेल्यानं जेमतेम पाच. म्हणून महागड्या पाकिटाच्या सरकीचं तिसरं बी परवडत नाही. त्यापेक्षा नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, मागून भरलेल्या बऱ्या.

आता यात एक मेख आहे. गुणाकार चालतो तो घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. एक बी किडकं निघालं म्हणून शेजारचं किडकं निघत नाही, इथवर ठीक. पण पेरणीनंतर पावसानं तीन आठवडे दडी मारली तर एका जागच्या दोन्हीच काय, अख्ख्या वावरातल्या बिया एकदमच फसतात. तिथे १/१६ वगैरे काही उरत नाही, दुबार पेरणी उरते. पुस्तकातली गणितं 'नाणं', 'फासा' म्हणतात तेव्हा हे स्वातंत्र्य गृहीत असतं. वावरात ते तपासावं लागतं.

घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी केली. शंभरात ६६ निघाले. बियाणं गेलं समजायचं का?

एका चाचणीवरून नाही. ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या रांगा लावून शंभर दाणे ठेवले, मोजले, हे चांगलंच केलं. पण शंभर दाणे म्हणजे सगळं पोतं नाही. बियाण्याची खरी उगवण अगदी ७० टक्के असली, तरी शंभराच्या चाचणीत ६१ पासून ७९ पर्यंत काहीही येऊ शकतं. वीस वेळा केली तर एखाद्या वेळी त्याच्याही बाहेर जाईल. पोत्याच्या वरचे, मधले, तळचे दाणे मिसळून आणखी तीन चाचण्या करा आणि चारशेंची सरासरी घ्या. दाणे चौपट केले की हा झोल निम्मा होतो. सरासरीही ६६ च्या आसपास आली, तर बियाण्याचं प्रमाण वाढवूनच पेरा.

जत्रेत सहा चित्रांचा पट असतो. तीन फासे, सहा चित्रं. मंग निम्मा चान्स झाला न?

पटवाल्याचा धंदा या एका वाक्यावर चालतो. पटावरच्या एका चित्रावर पैसे लावायचे. जिंकायला तीनपैकी निदान एका फाशावर तुमचं चित्र यावं. उलटीकडून या: एकाही फाशावर न येण्याची संभाव्यता ५/६ गुणिले ५/६ गुणिले ५/६, म्हणजे १२५/२१६. उरले ९१. म्हणजे जिंकायचा चान्स ४२ टक्के, पन्नास नाही. 'तीन फासे म्हणून तीन सहांश' हे चुकतं, कारण कधी दोन-तीन फाशांवर तुमचंच चित्र पडतं आणि ती वेळ बेरजेत दोनदा-तीनदा मोजली जाते.

'पण दोन फाशांवर आलं तर दुप्पट देते न तो!' देतो, तोही हिशेब करू. दहा-दहा रुपयांचे २१६ डाव लावले, आणि प्रत्येक निष्पत्ती एकेकदा आली असं धरू. ७५ डावांत एका फाशावर चित्र: ७५० रुपये नफा. १५ डावांत दोन फाशांवर: ३०० नफा. एका डावात तिन्हींवर: ३० नफा. बाकी १२५ डाव हरले: १२५० तोटा. शेवटी १७० रुपये पटवाल्याच्या खिशात, तेही फासे सरळ असतील तर. फ्रान्समधल्या शव्हालिए द मेरे या शौकिनाचा प्रश्नही याच जातीचा होता. एक फासा चार वेळा टाकून सहा येण्यावर पैसे लावणं फायद्याचं, तर दोन फासे २४ वेळा टाकून दोन्ही सहा येण्यावर लावणं का नाही? पहिल्यात चान्स ५१.८ टक्के, दुसऱ्यात ४९.१. असले प्रश्न घेऊन १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली, आणि आपला हा धडा तिथून सुरू झाला.

आकड्यात चौका पंधरा दिवस आला नाही. आता येनारच, बरोबर?

चिठ्ठ्यांना तारीख माहीत नसते. दहा अंकांतला एक निघायचा असेल तर चौक्याचा चान्स आज १/१० आणि पंधरा दिवसांनीही १/१०. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटवर ओळीनं २६ वेळा काळाच आला. प्रत्येक काळ्यानंतर लोक 'आता लालच' म्हणून वाढीव रक्कम लावत गेले आणि धुतले गेले.

आणि चौका आला तरी काय? एकाला नऊ असा भाव धरा. दहाही अंकांवर दहा-दहा लावले तर शंभर गेले आणि नव्वद आले. कोणता अंक लावायचा हा प्रश्नच नाही, कारण सगळे अंक सारखेच तोट्याचे आहेत. कापूसवाल्यांसाठी एक माहिती: मुंबईत हा धंदा सुरू झाला तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या उघडत्या-बंद होत्या भावांच्या आकड्यांवर. तो व्यवहार थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले, म्हणून मटका. कापूस कोणाचा, आकडा कोणाचा. बाकी कायद्यानं तो १८८७ पासून गुन्हा आहे हे भरतीवाल्यांना सांगायला नको.

तीन पोरीच झाल्या. चौथ्यांदा पोरगाच होन असं सारेच म्हणतात.

म्हणू द्या. तीन मुली ओळीनं होण्याची संभाव्यता साधारण १/८, हे खरं, पण ते होऊन गेलं. आता 'कशापैकी' म्हणाल तर फक्त दोनपैकी. निसर्गात शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, एवढाच काय तो फरक, आणि तो पहिल्या खेपेलाही असतो, चौथ्या खेपेलाही.

याच जागेवर मुलगा होण्याचं औषध विकणारे बसलेले असतात. 'गुण नाही आला तर पैसे परत' ही त्यांची हमी ऐकून आपल्याला माणूस प्रामाणिक वाटतो. शंभर जणांकडून दोन-दोन हजार घेतले. पुडीत नुसती साखर असली तरी पन्नासेक घरी मुलगा होतो. ती पन्नास घरं पैसे तर देतातच, वर गावभर सांगतात. उरलेल्या पन्नासांना त्यानं इमानेइतबारे पैसे परत केले तरी लाखभर रुपये सुटले. पैसे परत मिळालेला माणूस सहसा बोभाटाही करत नाही. असल्या लिंगनिवडीवर १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे वेगळं.

याच्याच अंगचं एक कोडं. गावातल्या प्रत्येक घरानं मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं, तर गावात मुली जास्त होतील की मुलगे? ६४ घरं घ्या. पहिली खेप: ३२ मुलगे, ३२ मुली. मुलगेवाली थांबली, ३२ घरं पुढे गेली: १६ आणि १६. मग ८ आणि ८. प्रत्येक खेपेला बरोबरी, म्हणून शेवटीही बरोबरी.

आम्ही दोघं सिकलसेलचे वाहक. पहिलं लेकरू आजारी आहे. 'चारात एक' म्हणतात, म्हणजे पुढची तिघं चांगली ना?

हा प्रश्न गणिताच्या वहीतला नाही, म्हणून नीट वाचा.

सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. प्रत्येकाकडे या गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. वाहकाकडे एक चांगली आणि एक सिकलची. मुलाला कोणती जाईल ते दोन नाण्यांसारखंच. चार प्रकार, सगळे सारखे: दोन्हींकडून चांगली; आईची चांगली आणि बापाची सिकल; आईची सिकल आणि बापाची चांगली; दोन्हींकडून सिकल. पहिल्यात मूल निरोगी, मधल्या दोन्हींत वाहक, शेवटच्यात रुग्ण. म्हणून रुग्ण १/४, वाहक १/२, निरोगी १/४. पण हे 'चार लेकरांपैकी एक' असं नाही, 'प्रत्येक गरोदरपणात चारांतला एक प्रकार' असं आहे. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून दुसऱ्याचा १/४ कमी होत नाही, वाढतही नाही.

दोन मुलं होतील तर निदान एक रुग्ण असण्याची संभाव्यता? उलटीकडून: ३/४ गुणिले ३/४ म्हणजे ९/१६ दोन्ही वाचली, उरले ७/१६, जवळजवळ ४४ टक्के. तीन मुलांत ३७/६४, म्हणजे निम्म्याहून जास्त. नवरा-बायकोतला एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर मात्र रुग्ण मूल होत नाही. मूल वाहक होण्याचा चान्स निम्मा.

पुढचा प्रश्न त्या घरातल्या चांगल्या भावाबहिणींचा असतो, आणि तिथे शिकलेले लोकही घसरतात. आई-बाप दोघं वाहक, मुलगी ठणठणीत, रुग्ण नाही हे माहीत आहे. ती वाहक असण्याची संभाव्यता? १/२ नाही. ती रुग्ण नाही हे कळल्यावर चौथा प्रकार खोडला गेला. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहक, म्हणून २/३. तिचं लग्न ठरवण्याआधी तिची आणि मुलाची तपासणी करा असं म्हणतात ते यासाठी. आणि तपासणीतही पायऱ्या आहेत. गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी 'सिकल आहे' एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे ती सांगत नाही, त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे हा आजार बराच आहे, आणि १ जुलै २०२३ पासून देशभर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. कागदावर १/४ मांडून झालं की प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे अंदाज नाही, निकाल मिळतो.

भिशीत मी नेहमी शेवटी चिठ्ठी उचलते. माझं नुकसान होतं का?

नाही ताई. बारा जणी, बारा चिठ्ठ्या, एकीवर खूण. पहिलीचा चान्स १/१२. दुसरीला मिळायची तर आधी पहिली हुकली पाहिजे (११/१२) आणि मग उरलेल्या अकरांतून खूण निघाली पाहिजे (१/११). गुणाकार पुन्हा १/१२. असं करत बाराव्या ताईपर्यंत जा, उत्तर तेच. अट एकच, चिठ्ठ्या सारख्या घडीच्या हव्यात. आधीच्या जणींनी आपापली उघडून दाखवली तर शेवटचीचा चान्स बदलत जातो. पण तो आपल्याला कळलेल्या गोष्टीमुळे बदलतो, रांगेतल्या जागेमुळे नाही. सरपंच आरक्षणाच्या सोडतीत आपल्या गावाची चिठ्ठी उशिरा निघाली म्हणून ओरड करणाऱ्यांनाही हेच उत्तर.

कवड्यांवर अष्टाचंगा खेळताना चंगा आणि अष्टा सारखेच यायला पाहिजेत ना?

कवडी नाण्यासारखी असती तर हो. चार कवड्या, १६ प्रकार. चारही उताण्या म्हणजे चंगा, एकच प्रकार. चारही पालथ्या म्हणजे अष्टा, तोही एकच. दोन उताण्या सहा प्रकारे, एक किंवा तीन चार-चार प्रकारे.

पण कवडी हातात घेऊन पाहा. एका अंगानं फुगीर, दुसऱ्या अंगानं चपटी, चिरेची. ती दोन्ही अंगांवर सारखी पडायला बांधील नाही. समजा उताणी पडण्याची संभाव्यता ०.४ असली, तर चंगा ०.०२५६ आणि अष्टा ०.१२९६, म्हणजे पाचपट. खरा आकडा किती हे तुमच्या घरची कवडी दोनशे वेळा टाकून रेघोट्या ओढल्याशिवाय कळत नाही. सुट्टीत करून बघा. जॉन केरिच नावाच्या गणित्यानं दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना नाणं दहा हजार वेळा फेकलं. छापा ५,०६७ वेळा आला. चिंचोके फोडून खेळणाऱ्यांना तर प्रत्येक डावाला नवा हिशेब.

हवामान खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणते आणि आमच्याकडे थेंब पडत नाही. मग भेंडवळ काय वाईट?

आधी खात्याचं. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, 'बऱ्याच ठिकाणी' ५१ ते ७५, 'बहुतांश ठिकाणी' त्याहून जास्त. तुरळकचा अंदाज खरा ठरला तरी चारांतली निदान तीन ठिकाणं कोरडीच राहणार. तुमचं गाव त्या तिनांत असलं तर अंदाज चुकला असं होत नाही. फवारणी करायची की नाही हे ठरवताना 'पाऊस सांगितलाय' एवढंच न ऐकता हा शब्द कोणता आहे ते बघा.

आता भेंडवळ. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे धान्यांवरून पिकाचं, पावसाचं, राजकारणाचंही भाकीत सांगतात. तिथे जाणाऱ्यांच्या भावनेशी माझं भांडण नाही. पण हिशेब करू. अठरा धान्यं, प्रत्येकाला 'चांगलं, साधारण, कमी' यातलं एक लेबल. कोणी डोळे मिटून अठरा लेबलं लावली तरी सरासरी सहा बरोबर निघतील. दिवाळीत आपण ती सहा आठवून म्हणतो, 'पाहा, सांगितलं होतं.' भाकीत ऐकल्याच्या दिवशीच वहीत उतरवून ठेवा, आणि हंगाम संपल्यावर सगळी अठराही तपासा. सहापेक्षा बरीच जास्त बरोबर निघाली, तेही चार-पाच वर्षं, तर माझ्याकडे या.

परीक्षेत येत नसलेल्या प्रश्नाला टिक मारावी की सोडावा?

पर्याय चार आणि चुकीला पाव गुण वजा (एमपीएससीत असं आहे), तर निव्वळ अंदाजानं मारलेल्या प्रश्नाचा सरासरी हिशेब: १/४ वेळा एक गुण मिळतो, ३/४ वेळा पाव गुण जातो. १/४ वजा ३/१६, म्हणजे १/१६ फायदा. सोळा प्रश्नांमागे एक गुण, आणि तोही सरासरीनं. एखाद्या पेपरात उणेही जाईल. एक पर्याय नक्की चूक म्हणून खोडता आला तर फायदा १/६. दोन खोडता आले तर ३/८, तिथे सोडणं म्हणजे गुण टाकून देणं. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीला एक तृतीयांश जातो, तिथे आंधळ्या टिकेचा फायदा बरोबर शून्य.

वर्गात चाळीस पोरं. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा चान्स किती?

८९ टक्के. पोरांना हे खोटं वाटतं, कारण प्रत्येक जण 'माझ्या दिवशी दुसरा कोण' असा विचार करतो. इथे माझा दिवस विचारलेलाच नाही, कोणतीही जोडी चालते, आणि चाळिसांत जोड्या ७८० होतात. २३ जणांतच चान्स निम्म्याच्या वर जातो. मोजायचं पुन्हा उलटीकडून: सगळ्यांचे दिवस वेगळे असण्याची संभाव्यता काढा.

हा हिशेब सगळे दिवस सारखे धरतो. आपल्याकडे मतदार यादीतली म्हातारी माणसं घेतली तर तो मोडतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी कित्येकांची जन्मतारीख १ जून टाकून दिली आहे.

टीव्हीवाला तीन दारांचा खेळ खरा आहे का? दार बदललं तर फायदा कसा होईल?

खरा आहे. दारांऐवजी डबे घेऊ. तीन डबे, एकात चांदीचं नाणं. तुम्ही एक निवडता. नाणं कुठे आहे हे माहीत असलेला माणूस उरलेल्या दोनांतला रिकामा डबा उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलता का? तीन प्रकार मांडा. नाणं तुमच्या डब्यात असेल (तीनांत एकदा) तर बदलून हराल. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्यात असेल (तीनांत दोनदा) तर त्याला नाइलाजानं रिकामाच उघडावा लागतो, आणि बदलून तुम्ही जिंकाल. म्हणून बदला, २/३. अमेरिकेत १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सावंत यांनी हे उत्तर छापलं तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली, बरीचशी 'तुम्ही चुकलात' म्हणणारी, त्यात गणिताचे डॉक्टरही होते.

पण त्या माणसालाही नाणं कुठे आहे ते माहीत नसेल, आणि त्यानं सहज उघडलेला डबा नशिबानं रिकामा निघाला, तर बदला की ठेवा, चान्स निम्मा-निम्मा. डबे तेच, रिकामा डबा तोच, उत्तर वेगळं. या प्रश्नावर वाद घालण्याआधी उघडणाऱ्याला माहीत होतं का ते विचारा.

घरी सोडवायला एक द्या न सर.

पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापा. एक दोन्ही बाजूंनी लाल रंगवा, एक दोन्ही बाजूंनी पांढरा, एक एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं पांढरा. पिशवीत घालून न पाहता एक काढा आणि टेबलावर ठेवा. वरची बाजू लाल दिसली. खालची बाजूही लाल असण्याची संभाव्यता किती?

बहुतेक जण निम्मी म्हणतील: पांढरा-पांढरा तर नाही, उरले दोन तुकडे. तुकडे मोजू नका, बाजू मोजा. लाल बाजू एकूण तीन आहेत आणि त्यांतली कोणतीही वर आलेली असू शकते. त्या तिनांपैकी दोन बाजूंच्या पाठीमागे लालच आहे. उत्तर २/३. पटत नसेल तर पुठ्ठा हातात आहेच, साठ वेळा काढून पाहा. पांढरी बाजू वर आलेल्या वेळा मात्र मोजायच्या नाहीत.